कफर्णहूमचं छप्पर आणि लिफ्टमामा

लिफ्टमामांचा विमानावर विश्वास नव्हता, कारण विमानाला दोर नसतो.

हे ते गंमत म्हणून बोलत नसत. उभं आयुष्य त्यांनी लिफ्टच्या टपावर उभं राहून ग्रीस फासण्यात काढलं होतं. खाली पंधरा मजल्यांचा अंधार असायचा, एका हातात पाना, दुसऱ्या हातात चहाचा कप, आणि वर मामांचं गाणं चालू. उंचीची भीती त्यांना कधी शिवली नाही. वर लोखंडी दोर आहे, तो आपण सकाळी हाताने चाचपलाय, त्याची पकड आपण आवळलीय, मग भ्यायचं कशाला? विमानाचं तसं नव्हतं. "कुणीतरी कुठल्यातरी गावात त्याचे बोल्ट आवळलेत," ते म्हणत. "तो माणूस कोण, त्याची त्या दिवशी झोप झाली होती का, घरून भांडून आला होता का, मला काही म्हणता काही माहीत नाही. आणि त्याच्या भरवशावर मी ढगात जाऊन बसू?"

समोरचा निरुत्तर झाला की मामांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

ही सवय त्यांना लावली उस्तादांनी. मामा पोरवयात ज्यांच्या हाताखाली काम शिकले, ते हे उस्ताद. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "दुसऱ्याने बांधलेल्या गाठीवर पाय ठेवायचा नाही. मी बांधलेली असली तरी नाही." मामांनी ते असं डोक्यात बसवलं की उस्ताद गेले, पोरवय गेलं, डोक्यावरचे केसही गेले, पण हे वाक्य जागचं हललं नाही. कामावर ते शहाणपणाचंच होतं. त्याच्या जोरावर मामा हातीपायी धड निवृत्त झाले. पंचाईत झाली ती घरात, कारण जित्याची खोड काही निवृत्त होत नाही. मामी झोपायला निघाल्या की मामा गॅसचं बटण बघत, मग कडी बघत, मग नळ बघत. मामींनी लावलेलं बरणीचं झाकण उघडून ते पुन्हा तेच झाकण लावत, आणि ते पूर्वीपेक्षा घट्ट बसल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसे.

त्यात मामींचं होतं फुलांचं दुकान. म्हणजे दिवसभर काम काय, तर बांधणं. देठ बांधायचे, गुच्छ बांधायचे, शवपेटीवरची फुलांची चक्रं बांधायची. मामींच्या हाताखालून गेलेला गुच्छ आठवडाभर पाण्यात उभा राहिला तरी ढिला पडत नसे. पण मामा दुकानात टेकले की दोन मिनिटांत त्यांचा हात पुढे. "जरा सैल वाटतंय गं." लगेच गाठ सोडून दुसरी मारायची. एकदा एका नवरीच्या गुच्छाला त्यांनी तारेचा असा पीळ दिला, की लग्नानंतर फुलं पाण्यात ठेवायला नवऱ्याला शेजाऱ्याकडून पक्कड मागून आणावी लागली. ओळखीपाळखीत सगळीकडे हसू झालं. मामीही हसल्या. मात्र घरी आल्यावर भांडी पुसता पुसता त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून माझी एक गाठ तुम्ही तशीच राहू दिली नाहीत. एक."

"अगं, तुझ्यासाठीच करतो ना."

मामींनी पुढचं ताट पुसायला घेतलं. मामांना वाटलं विषय मिटला. नवऱ्यांना असं वाटतं.

अशा या घरात पवित्र भूमीच्या यात्रेचा विषय निघाला. चर्चमधली पंधरा-वीस माणसं पाळकसाहेबांबरोबर निघणार होती. मामींनी पहिल्याच दिवशी दोघांची नावं दिली आणि मामांनी पहिल्याच दिवशी कानांवर हात ठेवले. मामींनी आधी विनवणी केली. मग अबोला धरून पाहिला, पण मामांना तो अबोला आहे हेच दोन दिवस कळलं नाही. शेवटी त्यांनी विचारणंच बंद केलं. "मी जाणार," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून ज्या गावांची नावं तोंडपाठ आहेत, ती मला माझ्या पायांनी बघायचीत. नावं पक्की होईपर्यंत तुमची जागा धरून ठेवायला सांगितलीय. पुढे तुमचं तुम्ही."

हे "तुमचं तुम्ही" मामांना चांगलंच झोंबलं. आजवर मामी एकट्या कुठे गेल्या नव्हत्या असं नाही, पण मागे वळून न बघता गेल्या नव्हत्या. पण काय करणार? दोर नव्हता तो नव्हताच.

पाळकसाहेबांची एक पद्धत होती. यात्रेला निघण्याआधी दर आठवड्याला सगळ्यांना चर्चच्या हॉलमध्ये जमवायचं. पत्र्याच्या डब्यात जागांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जी जागा येईल तिचा त्याने विचार करायचा, आणि पुढच्या एखाद्या बैठकीत त्यावर बोलायचं. अट एकच. "प्रवचन करायचं नाही," ते डबा हलवत म्हणाले. "तो माझा धंदा आहे, माझ्या पोटावर पाय देऊ नका. तुम्ही तुमच्या कामाच्या डोळ्यांनी बघा. तुम्ही तिथे असता तर तुमचं लक्ष कशाकडे गेलं असतं, तेवढंच सांगा."

मामा त्या दिवशी हॉलमध्ये होते, पण यात्रेकरू म्हणून नव्हे. हॉलचा पंखा खरखरत होता, म्हणून ते शिडीवर चढून बसले होते. दोन मिनिटांचं काम होतं, पण खाली असा बाजार भरला की त्यांना उतरवेना. बेकरीवाल्याला बेथलेहेम आलं, त्याने चिठ्ठी खिशात घातली आणि वरून हात ठेवला. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंना काना गाव आलं, जिथे लग्नात द्राक्षारस संपला होता. त्या लगेच बोटांवर रांजण मोजायला लागल्या. दातांच्या डॉक्टरांना यरीहो आलं. आणि मामींच्या धाकट्या भावाला, म्हणजे मामांच्या मेव्हण्याला, आला गालील समुद्र. मेव्हण्याला पोहता येत नव्हतं.

"हे नको," तो म्हणाला. "तिथे वादळ झालं होतं. मला काहीतरी कोरडं द्या."

"याकोबाची विहीर घे," कुणीतरी म्हणालं.

"तिथेही पाणीच!"

"यार्देन नदी?"

"अहो, तुम्ही मला बुडवायला नेताय का यात्रेला?"

तेव्हा गणिताच्या बाईंनी शोधून मृत समुद्र काढला. त्यात मीठ इतकं, की बुडायचं म्हटलं तरी माणूस बुडत नाही. मेव्हण्याने ती चिठ्ठी डोळ्यांना लावली. ज्या आजोबांकडून ती घेतली त्यांना बदल्यात गालील समुद्र मिळाला, तेही खूश, कारण त्यांना मासेमारीचा नाद होता. पवित्र भूमीची एवढी अदलाबदल इतक्या थोड्या वेळात कुठल्या राजानेही केली नसेल. पाळकसाहेब हसून हसून खुर्चीत मावेनात.

सगळ्यांत शेवटी मामींनी डब्यात हात घातला. "कफर्णहूम," त्यांनी वाचलं.

वरून आवाज आला, "ते छप्पर फोडलं ते का?"

सगळ्यांनी माना वर केल्या. मामा पंख्याच्या पात्याला धरून वाकले होते.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. येशू कफर्णहूमला एका घरात आहे असं कळलं आणि घरात ही गर्दी. चार जणांनी आपल्या लुळ्या पडलेल्या मित्राला खाटेसकट उचलून आणलं, पण दारातून मुंगीला वाट नव्हती. मग ते छपरावर चढले, छप्पर उकरलं, आणि खाट वरून थेट येशूच्या पुढ्यात सोडली. तिथून तो माणूस आपली खाट उचलून चालत घरी गेला.

मामींनी चिठ्ठी वर धरली. "छप्पर आहे, वरून खाली सोडणं आहे, हे तुमचं खातं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोला. यायचं नाहीये ना? नका येऊ. बोलायला काय जातंय?"

मामा शिडीवरून असे उतरले की शेवटच्या दोन पायऱ्या त्यांना लागल्याच नाहीत.

त्या दिवसापासून घरात कफर्णहूमने ठाण मांडलं. मामा अंघोळीला गेले की आतून आवाज यायचा, "अगं, चौघांनी दोर एकाच वेगाने सोडला कसा?" दाढी करता करता अर्ध्या गालावर साबण ठेवून ते बाहेर यायचे. "एकाचा हात जरा भरभर चालला तर खाट कलंडणार! त्यांच्यात सांगणारा एक असणार. चार जण, आणि प्रत्येक जण सांगणारा, असं असतं तर रोगी खाली पडून गेलाच असता." जेवणाच्या टेबलावर त्यांनी काड्यापेटीची खाट केली, तिला चार दोरे बांधले, वर एक लहानसा बटाटा झोपवला, आणि दोन खुर्च्यांच्या मधून त्याला उतरवायला घेतलं. पहिल्या खेपेला बटाटा मामींच्या पाण्याच्या पेल्यात पडला.

"गेला बिचारा," मामी म्हणाल्या.

"गेला कसला? डावीकडच्याने घाई केली." दोन्ही बाजूंचे दोरे मामांच्याच हातात होते, पण ते असो.

बरं, स्वतःच्या कफर्णहूमवर थांबतील तर ते मामा कसले. दुसऱ्यांच्या जागाही त्यांनी ताब्यात घेतल्या. दातांच्या डॉक्टरांना त्यांनी भर दवाखान्यात फोन केला. पेशंट तोंड उघडून बसलेला, आणि मामा सांगतायत, "डॉक्टर, यरीहो समुद्राच्या पातळीच्याही खाली आहे! आणि यरुशलेम वर डोंगरात. म्हणजे तिथून यरीहोला येताना सगळा उतारच उतार, ब्रेक तपासल्याशिवाय गाडीत बसू नका." बेथेल कुणालाच आलं नव्हतं, तर ते त्यांनी आपणहून घेतलं. याकोबाला तिथे स्वप्नात शिडी दिसली आणि तिच्यावर देवदूत चढत-उतरत होते. "चढत आणि उतरत!" मामा रस्त्यात पाळकसाहेबांचा हात धरून म्हणाले. "एक वर जातोय तेव्हा एक खाली येतोय. म्हणजे वजन तोललेलं आहे. साहेब, ही लिफ्ट आहे!" पाळकसाहेबांना एका बारशाला पोचायचं होतं, पण तेही तिथेच उभे राहून हात वर-खाली करून बघायला लागले.

त्यांनीच मामांना सांगितलं की कफर्णहूमला त्या जुन्या घराच्या भिंतींवर आता एक नवं चर्च उभं आहे, आणि त्याच्या जमिनीत काच बसवलीय. काचेतून खाली वाकून बघितलं की ते घर दिसतं.

मामा घरी धावत आले. "अगं, वरून दिसतं! छपराच्या जागीच उभं राहायचं आणि खाली बघायचं! मला आधी वाटलं होतं, बाहेरूनच भिंती बघाव्या लागतील."

"तुम्हाला?" मामींनी विचारलं.

"म्हणजे, तुला."

मामी फुलांची पानं खुडत होत्या. त्या मान खाली घालूनच हसल्या. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे मामांना कधी जमलं नाही. पण हसू ओसरल्यावर मामींना वाईटच वाटलं. हा माणूस कफर्णहूमच्या छपरावर मनाने केव्हाच चढलाय, आणि देह मात्र इथे कडी तपासत बसणार. एवढा आनंद याच्या अंगात मावत नाही, आणि तो घेऊन आपण एकटीने तिकडे जायचं. काचेवर आपण एकटीने उभं राहायचं. तिथे आपल्याला काय दिसणार, धोंडे?

मामांच्या बोलण्याचा दिवस आला. त्याच दिवशी बैठक संपल्यावर पाळकसाहेब एजंटला नावं पक्की कळवणार होते. मामांनी बोलायचं सोडून करूनच दाखवायचं ठरवलं होतं. हॉलला एक लाकडी माळा होता, आणि माळ्याच्या जमिनीत चौकोनी झडप. तिच्यातून खुर्च्या, पडदे वर ओढून घेत. चौकोन ऐसपैस होता. मामांनी मेव्हण्याच्या घरची लोखंडी खाट आणवली. झडपेच्या तोंडावर दोन फळ्या टाकून तिच्यावर ती ठेवली, चारही पायांना दोर बांधले, आणि खाटेवर वाळूचं पोतं झोपवलं. चार मित्र म्हणून पाळकसाहेब, दातांचे डॉक्टर, बेकरीवाला आणि मेव्हणा. सांगणारे अर्थातच मामा. बाकीची मंडळी खाली, मामी पहिल्या रांगेत.

"फळ्या काढा! सोडा! वीतभर. थांबा. डॉक्टर, हा दात नाही, ओढू नका! पुन्हा वीतभर."

खाट अशी अलगद उतरली की वाळूचा कण सांडला नाही. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मामांनी माळ्याच्या कठड्यावरून वाकून मुजरा केला, आणि खाट पुन्हा वर ओढून घेतली. एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मामी एकट्या गेल्या असत्या.

पण गणिताच्या बाईंनी हात वर केला. बाईंना शंका आली की ती विचारल्याशिवाय त्यांना बसवत नाही. "दोराचं समजलं," त्या म्हणाल्या. "छपराचं समजलं. चौघांचंही समजलं. पण खाटेवरच्या माणसाचं काय? तो काय म्हणत होता?"

मामा म्हणाले, "तो काही म्हणत नव्हता."

"का?"

इतके दिवस मामांनी माती, फांद्या, तुळई, दोर, वीत आणि वजन यांचा कीस पाडला होता. खाटेवर माणूस आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या लेखी आधी तो बटाटा होता, मग वाळू.

"माझ्या खुर्चीत झोपणारा तरी विचारतो, दुखेल का म्हणून," डॉक्टर म्हणाले. "हा तर छपरातून चाललाय."

"तेच ना," बाई म्हणाल्या. "पोत्याला विचारून काय उपयोग? कुणीतरी झोपून बघायला हवं."

सगळ्या माना मामांकडे वळल्या. मामा फुशारून गेले होते, टाळ्या अजून कानांत होत्या. "झोपतो की!" ते म्हणाले. "त्यात काय?" त्यांना खरोखरच त्यात काही वाटलं नाही, कारण चारही गाठी त्यांच्या स्वतःच्या होत्या. त्या त्यांनी एकदा ओढून बघितल्या, मग पुन्हा बघितल्या, वाळूचं पोतं बाजूला केलं, चष्मा खिशात घातला आणि फळ्यांवरच्या खाटेवर आडवे झाले. चौघांनी दोर हातात घेतले.

आणि मेव्हण्याच्या कमरेने दगा दिला. वाळू ओढतानाच ती कुरकुरली होती, पण चारचौघांत कबूल कोण करणार? तो नुसता वाकला, "आई गं" म्हणाला, आणि वाकलेलाच राहिला. त्याला तसाच कोपऱ्यातल्या पडद्यांच्या गठ्ठ्यावर नेऊन टेकवलं. मामांना खाटेवरून फक्त छताचे वासे दिसत होते. त्यांना जिन्यावर पावलं ऐकू आली, आणि मग डोक्यामागून मामींचा आवाज.

"याची बाजू मी धरते."

"तुला नाही पेलायचं," मामा म्हणाले.

"हातावर नाही पेलणार. कठड्याला एक वेढा देऊन धरते. पण त्याला हा दोर पुरणार नाही, लांब लागेल." पडद्यांच्या गठ्ठ्यातून काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. मग खाटेचा डोक्याकडचा पाय किंचित हलला, आणि मामांच्या लक्षात आलं की त्यांची गाठ सुटतेय. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मामांनी बांधलेली गाठ मामींनी सोडायची ही पहिलीच वेळ होती. आता ती नवा दोर बांधतेय. कसा बांधतेय? कुठली गाठ? गुच्छाची? आपण काय फुलं आहोत का?

गाठ त्यांच्या डोक्यामागे होती. मान वळवून दिसत नव्हती, उठल्याशिवाय बघता येणार नव्हती. ते कोपरावर अर्धे उठलेही.

मामी पुढे येऊन त्यांच्या तोंडावर वाकल्या. त्यांचे केस विस्कटलेले, पदराला माळ्याची धूळ. त्यांनी मोठ्याने काही म्हटलं नाही. खालच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, "बघायची असेल तर बघा. सोडून पुन्हा बांधा हवी तर. मी थांबते. मला सवय आहे."

मामा बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या "सवय आहे"मध्ये भांडण नव्हतं, टोमणाही नव्हता, आणि तेच त्यांना सोसेना. भांडणाला त्यांच्याकडे उत्तर होतं. बरणी, कडी, नळ, गुच्छ, सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. आपण त्या सगळ्या वस्तू तपासत होतो असं त्यांना वाटत आलं होतं. हिला काय वाटत आलं असेल? त्यांना आपल्या सगळ्या शहाणपणाची लाज वाटली, अगदी कानांच्या पाळ्या गरम होईपर्यंत. ते पुन्हा आडवे झाले आणि त्यांनी हात छातीवर ठेवले.

"सोड," ते म्हणाले.

फळ्या निघाल्या. खाट हवेत आली आणि लगेच डॉक्टरांच्या बाजूला कलली. सांगणारा खाटेवर झोपलेला, त्यामुळे वर चौघेही सांगायला लागले. "थांबा!" "सोडा!" "अहो, माझी बाजू!" "कुठली बाजू?" मामांचे पाय डोक्याच्या वर गेले, मग डोकं पायांच्या वर आलं. एक चप्पल सुटली आणि खाली गणिताच्या बाईंच्या मांडीवर पडली. मामांनी ओरडायला तोंड उघडलं, आणि त्यांना कळलं की आपल्याला ओरडता येत नाही, कारण आपण हसतोय. पोटातून, बरगड्या दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कोण कुठला दोर कसा सोडतोय हे त्यांच्या हातात नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीही त्यांच्या हातात नव्हतं, आणि हात छातीवर किती हलके वाटत होते! वर चौकोनात चार तोंडं दिसत होती, लालबुंद, घामेजलेली, दोर धरणारी. पाळकसाहेबांचा चष्मा नाकाच्या टोकावर आला होता. बेकरीवाला डोळे मिटून प्रार्थना करत होता, मोठमोठ्याने. आणि मामी कठड्याला पाय लावून, दात आवळून, दोर बोटाबोटाने सोडत होत्या. त्यांची बाजू काही हेलकावत नव्हती. एवढी माणसं आपल्याला पडू द्यायची नाहीत म्हणून जिवाचं रान करतायत, आणि आपल्याला काम एकच, पडून राहायचं. हे कुणी आधी का नाही सांगितलं?

खाट धप्पकन जमिनीला टेकली. सगळे धावले. मामा उठेनात. "लागलं का?" "पाणी आणा!" मामा नुसते हसत होते.

"बाई," शेवटी धाप टाकत ते म्हणाले, "तो काही म्हणत नव्हता, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. लिहून ठेवा."

मग ते उठून बसले आणि वर चौकोनाकडे बघून ओरडले, "पाळकसाहेब! माझं नाव पक्कं करा! आणि एजंटला सांगा, मला खिडकीजवळची जागा पाहिजे!"

मग हॉलमध्ये जो काही गलका उसळला, त्यात मेव्हणा कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि पुन्हा बसला. बेकरीवाल्याने पाळकसाहेबांना मिठी मारली. मामी तेवढ्या कुठे दिसेनात. त्या जिन्याने उतरत होत्या, सावकाश, दोराने लाल झालेले तळवे पदराला पुसत. मामा एका पायात चप्पल घालून जिन्यापाशी गेले.

"येताय ना खरंच?" मामींनी विचारलं. "उद्या नाही म्हणाल."

"येतोय."

मामींनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, हॉलच्या मधोमध पडलेल्या खाटेकडे बघितलं. मासेमारीवाले आजोबा दोर सोडून गुंडाळायला लागले होते. "गाठ कशी होती?" त्यांनी विचारलं. "खाली आल्यावर बघितलीच असेल."

मामांनी आठवून पाहिलं. ते उठले होते, ओरडले होते, चप्पल शोधली होती. "नाही गं," ते म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "विसरलोच."

मामी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या. तिथे उभ्या राहिल्या की त्यांचे डोळे मामांच्या डोळ्यांच्या बरोबरीला येत.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तेच. आत्ता म्हणालात ते."

"विसरलो," मामा म्हणाले. मामींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या हसतही होत्या, म्हणून मामांनी ते आणखी एकदा म्हटलं, या वेळी चांगलं मोठ्याने.